गाडी पुसायची नसते

आमच्या भोरच्या घरमालकांना मोटार चालवताना पाहिलेली माणसं थोडी. मोटार पुसताना मात्र त्यांना साऱ्या आळीनं पाहिलं होतं. ‘पुसताना’ असं मी आता बिनधास्त लिहिते. त्या वेळी त्यांच्या कानावर पडलं असतं तर माझी धडगत नव्हती. “पुसायची ती शाळेतली पाटी. गाडी पुसायची नसते, टिपायची असते,” असं ते आमच्या ह्यांना ऐकवायचे. आमचे हे हायस्कुलात मास्तर होते, म्हणून पाटी.

सगळं गाव त्यांना अण्णा म्हणे. संस्थान होतं तेव्हा ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. मग संस्थान विलीन झालं, कचेऱ्या हलल्या, मोठे साहेब बिऱ्हाडं उचलून पुण्याला गेले, आणि जाता जाता त्यांतल्या एकानं आपली जुनी काळी मोटार अण्णांच्या गळ्यात मारली. गळ्यात मारली हे गावाचं म्हणणं. अण्णांच्या लेखी घरात लक्ष्मी आली होती.

आम्ही त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायला गेलो, तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. जात-गोत्र, माणसं किती, पाणी किती लागेल, घरमालक विचारतात तसलं काही ह्या गृहस्थांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे कोंबड्या आहेत का?” आमच्या ह्यांनी नाही म्हटलं. “शेळी?” तीही नव्हती. “वाळत घातलेलं धुणं कुठल्या बाजूला गळणार?” आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी तोंडाला पदर लावून हसू दाबत होते, तोच आतून माई म्हणाल्या, “आवो, पोरीला आदी बसा तरी म्हना. धुनं कुठं का गळंना!” माई म्हणजे अण्णांच्या बायको. त्या क्षणी मी मनात ठरवलं की राहायचं तर इथंच.

अंगणाच्या पलीकडे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये ती मोटार. गुरुवार आणि रविवार हे तिच्या आंघोळीचे वार. ऊन टपावर यायच्या आत सगळं उरकायचं, कारण ओल्या पत्र्यावर ऊन पडलं की पाण्याचे थेंब जागच्या जागी वाळतात आणि काळ्या रंगावर पांढरे ठिपके उठतात. घरच्या विहिरीचं पाणी जड, त्याचे डाग तर जन्मात जायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं. म्हणून कावडीवाल्याकडून नदीचं पाणी, तेही फडक्यातून गाळून. एवढं पाणी आमच्या हंड्यात कधी कुणी गाळून ओतलं नाही.

धुणं झालं की खरी पूजा सुरू. अण्णा बोटातली अंगठी काढून देवळीत ठेवत. अंगात गुंडीची नव्हे, बंदांची बंडी, कारण गुंडी पत्र्याला लागते. कमरेची किल्ली माईंकडे. मग हातातलं फडकं एकदा झटकून, तळहाताच्या मागच्या बाजूनं त्यावरून हात फिरवून बघायचं. वाळूचा कण, काटा, कुसळ काही अडकलेलं नाही ना? कामानं राठ झालेल्या तळहाताला कळत नाही, मागच्या कातडीला कळतं, असं ते सांगत. मग फडकं टपावर पसरायचं आणि दोन टोकं धरून अलगद स्वतःकडे ओढायचं. घासायचं नाही, गोल फिरवायचं नाही. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारं, सर्वांत शेवटी मडगार्ड. चाकांचं फडकं वेगळं, इंजिनाचं त्याहून वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लागायचं नाही. ते थेट स्वयंपाकघरात हंड्याखाली. माई म्हणायच्या, “मोटारीच्या पंगतीतनं उठलं की आमच्या पंगतीला!”

आणि ही फडकी म्हणजे माईंची जुनी लुगडी.

नव्या कापडाला खळ असते, टॉवेलाला धागे, घोंगडी तर गाडीजवळ आणायचीच नाही. वापरून वापरून विरायला आलेलं सुती लुगडं हेच गाडी टिपायला खरं, हे अण्णांनी म्हणे पुष्कळ प्रयोग करून ठरवलं होतं. लुगडं जुनं झालं की माई ते घडी करून शेडच्या दाराशी घेऊन जात आणि म्हणत, “घ्या. मऊ झालंय.” अण्णा ते गालाला लावून बघत. पसंत पडलं तर ठेवून घेत. नाही पडलं तर परत देत आणि सांगत, “अजून एक पावसाळा नेसा.” मी एकदा न राहवून म्हणाले, “माई, अण्णा लुगडं आणतात ते तुमच्यासाठी की मोटारीसाठी हो?” माई खो खो हसल्या. “मोटारीसाटीच गं! म्या नुसती मऊ करून देती.”

लुगड्याचे काठ तेवढे माई फाडून बाजूला ठेवत. काठ जाड, टोचतात, म्हणून अण्णांना ते नको असत. माई त्यांची गुंडाळी करून फडताळात टाकायच्या. कशाला ठेवता म्हटलं तर म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे. कुसुमच्या लेकराला गोदडी शिवायची हाय, तवा कडंला लागत्याल.” कुसुम ही त्यांची एकुलती एक लेक, किकवीला दिलेली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी निगा राखतात तर ती मोटार जायची तरी कुठं? दसऱ्याला जायची. घरापासून नदीच्या पुलापर्यंत आणि पुलापासून घरापर्यंत. तिला झेंडूची माळ घालायची, पण दोऱ्यानं रंग खरवडतो म्हणून आधी बॉनेटवर फडकं. कुंकवाचं बोट नंबराच्या पट्टीवर, रंगावर नाही. त्या फेरीला माई मागं बसत, दोन्ही मनगटांना फडकं गुंडाळून. कारण बांगड्या. हिरव्या काचेच्या बांगड्यांनी दाराला ओरखडा आला तर? सवाष्ण बाईला बांगड्या उतरवून ठेव म्हणता येत नाही, एवढं अण्णांनाही कळत होतं. म्हणून मग मनगटं बांधून बसायचं. मला ते बघून राग यायचा. माईंना यायचा नाही. “पुलापातुर तर जायचं! हात कुठं बांधल्यात, बांगड्याच बांधल्यात,” म्हणायच्या.

एकदा अण्णांना हिवतापानं घेरलं आणि नेमका रविवार आला. आधीचा गुरुवारही चुकलेला, गाडीवर आठवड्याची धूळ. अण्णा कण्हत अंथरुणावरून शेडकडे बघत होते. माईंनी काय केलं? मनगटांना घट्ट फडकी बांधली, पदर खोचला, आणि साऱ्या गाडीला पाणी घालून ती त्यांच्यासारखीच टिपून काढली. मी जिन्यात उभी राहून पाहत होते. टपाशी हात पुरेना तर पाटावर चढल्या. ताप उतरल्यावर अण्णा काठी टेकत शेडमध्ये गेले, गाडीभोवती फिरले, वाकून वाकून काचा पाहिल्या. एकही ठिपका नव्हता. बाहेर येऊन काही न बोलता अंथरुणावर पडले. माई मला म्हणाल्या, “बोललं न्हाईत म्हंजी म्या पास झाली गं!” आणि दिवसभर खुशीत होत्या. बाई, काय माणसं ही!

माईंचं माहेर विंझरचं, वेल्ह्याच्या वाटेवर. भाऊ तिथं भाताची शेती करायचा. माहेरी जायचं म्हणजे माईंनी एसटीनं नसरापूरला उतरायचं आणि तिथून भावानं पाठवलेल्या बैलगाडीतून पुढं. घरात मोटार आणि बाई एसटीच्या फलाटावर बोचकं घेऊन उभी! लोक चेष्टा करायचे. माई हसून वेळ मारून नेत, पण मनात एक इच्छा होती, आणि ती त्यांनी काही लपवून ठेवलेली नव्हती. “एकदा मोटारीतनं म्हायेरी जायाचंय,” त्या मला म्हणायच्या. “फार न्हाई, एकदाच. येशीपाशी भोंगा वाजवायचा. म्हंजी भावजया हातातली कामं टाकून भाईर येत्याल का न्हाई?” हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला वाटे, आत्ता जाऊन त्या शेडचं दार उघडावं आणि मीच ढकलत न्यावी ती गाडी.

अण्णांनी कधी नाही म्हटलं नाही, हे खरं. नाही म्हणणारा माणूस परवडतो. अण्णा म्हणत, “नेतो ना. ओढ्यांवर मोऱ्या होऊ देत.” नसरापूरच्या पुढचा रस्ता त्यांच्या मते रस्ताच नव्हता. “ओव्हरसियर कोण, तुम्ही का मी?” विंझरच्या अलीकडे ओढा, त्यात दगडगोटे; वाटेला दोन्ही अंगांनी करवंदीच्या जाळ्या, त्या गाडीला ओरबाडणार. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात चिखल. दिवाळीनंतर जाऊ म्हणत, तर दिवाळीनंतर ओढ्यातल्या पाण्याचा अंदाज यायचा नाही. संक्रांतीला जाऊ म्हणत, तर संक्रांतीला गाडीला नवा रंग दिलेला, तो पुरता वाळलेला नसायचा. मोऱ्या काही होत नव्हत्या. माई एसटीनं जात-येत राहिल्या.

मग त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी माईंना ताप आला. साधा वाटला, तो विषमज्वर निघाला. डॉक्टर येत होते, औषध देत होते, आणि माई दिवसादिवसानं अंथरुणाला चिकटत होत्या. मी उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवायची. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि पायाशी बसलेल्या अण्णांना म्हणाल्या, “आवो, मला विंझरला न्हेता का?”

अण्णा म्हणाले, “पाऊस सरू दे. पाऊस सरला की नेतो.”

पाऊस सरायच्या आत माई गेल्या. अहेव गेल्या. बायकांनी त्यांना नवं हिरवं लुगडं नेसवलं, दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या चुड्यानं भरले. अण्णा त्या बांगड्यांकडे टक लावून बघत होते. त्या दिवशी माईंच्या मनगटांना कुणी फडकं बांधलं नाही.

तेराव्याला सगळे पाहुणे जेवून उठल्यावर कुसुम अण्णांसमोर येऊन उभी राहिली. रडून रडून आवाज बसला होता तिचा. “अण्णा, आईला एकदा मोटारीत घालून विंझरला न्हेली असती, तर मोटार झिजली असती का?”

“पाऊस होता गं.”

“पाऊस औंदा हुता. दिवाळीत हुता? संक्रांतीला हुता?”

कुसुमनं भांडी आवरली, आईचे देव पुसून ठेवले आणि किकवीला निघून गेली. मामा पोचवायला गेला. जाताना दारात ती मला म्हणाली, “ताई, मी आता ह्या घरात न्हाई याची.” मला वाटलं, पोर दुःखानं बोलतेय, चार महिन्यांनी निवळेल. ती निवळली नाही. सणाला आली नाही, वर्षश्राद्धाला आली ती एसटीनं आली आणि एसटीनं गेली, पाणीसुद्धा आमच्याकडे माडीवर येऊन प्यायली.

आणि अण्णा? अण्णा रोज गाडी धुवायला लागले. गुरुवार-रविवार राहिला बाजूला, रोज सकाळी. जी गाडी जागची हलत नाही, जिच्यावर धुळीचा कण नाही, तिच्यावर पाणी घालायचं आणि ती टिपत बसायचं. पूर्वी घटकाभरात होणारं काम आता जेवणवेळेपर्यंत चाले. मी एक दिवस तणतणत खाली गेले. म्हटलं, “अण्णा, काय चालवलंय हे? दोन घास खाऊन तरी घ्या.” बघते तर त्यांच्या हातात माईंचं जांभळं लुगडं. जुनं नव्हे! गेल्या दिवाळीचं, दोन-चारदाच नेसलेलं. त्याचे तुकडे केले होते. मी शेडच्या तारेवर पाहिलं, माईंच्या पेटीतली झाडून सगळी लुगडी फाडून तिथं वाळत होती. चंद्रकळा होती, अंजिरी होतं, कुसुमच्या लग्नातलं होतं.

“अहो, ही मऊ तरी होती का?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“होतील,” अण्णा म्हणाले. “रोज पाण्यातून काढली की होतात.”

मला त्यांचा इतका संताप आला होता, की मी वर येऊन ह्यांना म्हटलं, आपण दुसरी जागा बघू. हे म्हणाले, “अगं, रोज सकाळी तिचं लुगडं हातात घ्यायला त्यांना दुसरं निमित्त काय आहे?” मास्तर माणूस, कधी नव्हे ते शहाणपणाचं बोलून गेला. मी जागा बदलायचा विषय सोडून दिला.

वर्षश्राद्धानंतरच्या पावसाळ्यात कुसुमला दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ती भोरला आली नाही, मामाकडे विंझरला गेली. भोरच्या बाजाराला मामा आला तो आमच्या अंगणात टेकला. साधा, कमी बोलणारा माणूस. डोक्याचं इरलं काढून भिंतीला लावलं आणि खाली बघत म्हणाला, “दाजी, कुसुम म्हनली, तिला कायबी नको. निस्ती आईची जुनी लुगडी तेवडी द्या म्हनली. लेकराला गोदडी शिवायची हाय. आजीच्या लुगड्याची गोदडी पायजे म्हनती.”

आता अण्णा काय देणार?

अण्णा उठले, शेडमध्ये गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले ते दोन्ही हातांवर फडक्यांचा गठ्ठा घेऊन. ओसरीवर ठेवला आणि म्हणाले, “लुगडी नाहीत. हे आहे.”

मामानं एक तुकडा उचलून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. पोरीनं आईची एक आठवण मागितली आणि बापाकडे द्यायला चिंध्या! शेवटी मीच म्हणाले, “मामा, तुम्ही जा. कुसुमला सांगा, गोधडी शिवूनच पाठवतो.”

उत्रोलीला सोनाबाई म्हणून एक म्हातारी गोधड्या शिवायची. तिला बोलावून आणलं. आमच्या अंगणात घोंगडी टाकून ती बसली आणि तिनं ते तुकडे मांडीवर घेतले. जरा चाचपून बघितले. मग गालाला लावले. “आगं बया,” म्हणाली, “म्या जल्मभर गोदड्या टाचल्या, आसलं मऊ कापड हाताला लागलं न्हाई. कुनाचं म्हनायचं हे?”

“इथल्या माईंचं,” मी म्हणाले.

तेलाचा डाग नव्हता, मळ नव्हता. अण्णांनी त्या फडक्यांना कधी इंजिनाजवळ येऊच दिलं नव्हतं. तुकड्याला तुकडा जोडत सोनाबाई शिवत गेली, फडताळातून मी माईंनी ठेवलेले काठ काढून दिले, ते कडेला लागले. अण्णा समोर उकिडवे बसून बघत होते. मधेच म्हणाले, “बाई, दोऱ्याची गाठ वर येऊ देऊ नका. बाळाच्या कातडीला ओरखडा पडेल.”

“न्हाई येत ओ,” सोनाबाई म्हणाली.

गोधडी पुरी झाल्यावर अण्णांनी ती मांडीवर पसरली आणि तळहाताच्या मागच्या बाजूनं साऱ्या गोधडीवरून हात फिरवला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, मग उलटून दुसऱ्या अंगावरून. एका ठिकाणी थांबले, नखानं एक बारीक कुसळ काढलं. मला पुढचं बघवेना. मी चुलीवर दूध ठेवलंय म्हणून आत गेले.

कुसुमला मुलगा झाला. बारशाच्या आदल्या दिवशी अण्णा मला म्हणाले, “मास्तरीणबाई, तुम्ही येता का उद्या? बारशाला बाईमाणूस पाहिजे.”

“एसटी किती वाजता आहे?” मी विचारलं.

“एसटी नाही,” अण्णा म्हणाले. “गाडी काढतो.”

श्रावण होता. त्या दिवशी उघडीप होती एवढंच, बाकी रस्त्यांची दशा सांगायला नको. मी मांडीवर गोधडी घेऊन मागं बसले, माई दसऱ्याला बसत त्याच जागी. सवयीनं बांगड्यांवर पदर गुंडाळायला लागले, तर आरशातून बघून अण्णा म्हणाले, “राहू द्या. मोकळे ठेवा हात.”

नसरापूर सोडलं आणि गाडी चिखलात शिरली. करवंदीच्या फांद्या दारांवरून करकरत गेल्या. अण्णा नुसते पुढं बघत होते. एका वळणावर धनगराची मेंढरं आडवी आली. गाडीला वेढून उभी राहिली, अंग घासू लागली, एक एडका तर शिंगं घासत होता दाराला. धनगर काठी उगारत धावला, “थांबा मालक, हाकलतो! मोटार खराब केली की ओ!”

“मारू नका त्यांना,” अण्णा म्हणाले. “जाऊ द्या त्यांच्या मनानं.”

ओढ्यात मात्र गाडी अडकली. पाणी फार नव्हतं, पण चाकं गाळात रुतली आणि इंजिन बंद पडलं. पलीकडच्या खाचरात बाया भाताची बेणणी करत, तण उपटत होत्या. त्यांनी गाडी पाहिली, अण्णांना ओळखलं, आणि चिखलाच्या हातांनी तशाच धावत आल्या. विंझरच्या बाया त्या, माईंच्या भावजया, चुलतबहिणी, बरोबरीच्या. मागं हात लावून सगळ्यांनी जोर केला. काचेच्या बांगड्या पत्र्यावर करकरायला लागल्या. तो आवाज आत बसून मला सोसवेना, अण्णांना काय होत असेल? एक बाई थबकली. “आन्ना, वरखडं पडत्यात की ओ बांगड्यांचं!”

अण्णा खिडकीतून मान काढून म्हणाले, “पडू द्या. लावा हात. सगळ्याजणी लावा.”

गाडी वर आली, इंजिन फुरफुरलं. बाया हसत, एकमेकींना चिखल लावत मागून चालू लागल्या. विंझरची वेस आली. वेशीपाशी अण्णांनी गाडीचा वेग कमी केला आणि भोंगा दाबला. एकदा नाही. वाजवतच राहिले. पोरं धावली, म्हातारे ओट्यावर उठून उभे राहिले, घराघरातून बायका हातातली कामं टाकून बाहेर आल्या. आणि मला माईंचे शब्द आठवले, आणि मी गोधडीत तोंड खुपसून रडले.

मामाच्या दारात कुसुम बाळाला घेऊन उभी होती. ओली बाळंतीण, वाऱ्यात येऊ नये, पण भोंगा ऐकून आली होती. चिखलानं माखलेल्या, ओरबाडलेल्या गाडीकडे तिनं पाहिलं. अण्णा खाली उतरले. धोतराला चिखल, टोपी हातात.

कुसुम म्हणाली, “भोंगा आता कुनासाटी वाजवला, अण्णा?”

मी पुढं होऊन गोधडी तिच्या हातात दिली. तिनं ती उलगडली, एकेक तुकडा ओळखला. हे जांभळं, ही चंद्रकळा, हे माझ्या लग्नातलं. मग नाकाशी धरली. “आईचा वास न्हाई ह्याला,” म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून हुंदके देऊन रडायला लागली. रडत रडतच तिनं गोधडी मांडीवर अंथरली आणि बाळाला तीत घेतलं. बाळ झोपेतच होतं, कुरकुरलं नाही.

बारसं झालं. अण्णा ओसरीवर खांबाला टेकून बसून होते. निघताना ते कुसुमला म्हणाले, “सव्वा महिना झाला की न्यायला येऊ का? भोरला.”

कुसुमनं मान हलवली. नको म्हणाली. रागानं नाही, शांतपणे म्हणाली. ते मला जास्त लागलं. राग असता तर कधीतरी गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली पाहिलं. अंगणात पाण्याची कावड नाही, देवळीत अंगठी नाही. अण्णा शेडच्या दारात नुसते उभे. मला राहवेना. पेटीतलं माझं एक जुनं लुगडं काढलं, मऊ झालेलं, आणि घेऊन खाली गेले. “अण्णा, फडकी सगळी गोधडीला गेली. हे घ्या. मऊ आहे.”

त्यांनी ते हातात घेतलं. गालाला लावलं नाही. घडी नीट करून मला परत दिलं. “फाडायला देऊ नका कुणाला. ठेवा.”

“अहो, मग गाडी? चिखल वाळला की डाग पडतील.”

अण्णांनी मला गाडीच्या मागं नेलं. मागच्या पत्र्यावर वाळलेल्या चिखलाचे पंजे उमटले होते, ढकलणाऱ्या बायांचे, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक पंजाखाली बांगड्यांच्या बारीक रेघा. अण्णा ते पंजे एकेक करून बघत होते.

“माहेरच्या सगळ्यांचे हात आहेत,” ते म्हणाले. “तिचाच नाही.”

मी लुगडं घेऊन तशीच वर आले. आम्ही त्या घरात आणखी काही वर्षं राहिलो. अण्णांनी त्या गाडीला पुन्हा पाणी लावलं नाही.